मार खाणारं पोर हात कधी उचलतं? ताण, छळ आणि मुलांच्या हातून घडणारे गुन्हे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमधल्या सिडको, सातपूर, पंचवटी आणि नाशिकरोडच्या शाळांमधल्या पालकसभांतून हे प्रश्न जमले आहेत. भर सभेत मात्र असलं कुणी विचारत नाही. सभा संपते, बाहेर चपला शोधणं चालू असतं, तेवढ्यात एखादी आई बाजूला घेऊन म्हणते, "ताई, जरा बोलायचं होतं." मी मुलांच्या समुपदेशनाचं काम करते. जिथे एखाद्या मुलाचा उल्लेख आहे तिथे ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ज्याच्यावर अन्याय झाला तोच पुढे गुन्हा कसा करेल? तो तर बिचारा असतो.

बिचारा वेगळा आणि गुंड वेगळा, असं आपण धरून चालतो. पण गुन्ह्याला बळी पडलेल्या मुलांची यादी आणि गुन्हा केलेल्या मुलांची यादी शेजारी ठेवली की बरीच नावं दोन्हीकडे निघतात. गुन्हेशास्त्रात हे अनेक देशांत, वर्षानुवर्षं दिसत आलेलं आहे. त्यामागे काही वेळा फक्त जागा आणि संगत असते: रात्री अकराला टपरीसमोर उभा राहणारा पोरगा मार देतोही आणि खातोही. काही वेळा सरळ बदला असतो. आणि काही वेळा पोराला इतकंच शिकायला मिळालेलं असतं की जगात मारणारे आणि मार खाणारे असे दोनच पक्ष आहेत, तर आपण पहिल्यात गेलेलं बरं.

"ताण" म्हणजे परीक्षेचं टेन्शन का?

ते त्यातलं एक. रॉबर्ट अॅग्न्यू या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९९२ मध्ये ताण आणि गुन्हा यांचा संबंध नव्याने मांडला. त्याआधी १९३८ मध्ये रॉबर्ट मर्टनने म्हटलं होतं की समाज सगळ्यांना एकच स्वप्न दाखवतो, पण तिथे पोचायचा सरळ रस्ता सगळ्यांना देत नाही, आणि या फटीतून गुन्हा येतो. अॅग्न्यूने ही चौकट पैशापुरती ठेवली नाही. त्याच्या मते ताण तीन वाटांनी येतो: हवं ते मिळत नाही, हातात असलेलं हिरावलं जातं, किंवा नको ते अंगावर येतं.

आपल्याकडे बघा. अंबड एमआयडीसीत कंत्राटावर असलेल्या वडिलांचं काम सुटलं आणि मुलाचा क्लास बंद झाला, ही पहिली वाट. आजी गेली, आईवडील वेगळे झाले, पेठ-सुरगाण्याकडून द्राक्षाच्या कामाला दिंडोरी-निफाडला आलेल्या कुटुंबाबरोबर पोराची शाळा आणि दोस्त मागे राहिले, ही दुसरी. घरी पट्टा, शाळेत जातीवरून किंवा रंगावरून टोमणे, रस्त्यात पैसे काढून घेणारी मोठी पोरं, ही तिसरी. गुन्ह्याकडे नेण्यात तिसरी वाट फार जोरकस आहे. कारण त्या ताणाला चेहरा असतो, आणि ज्याला चेहरा असतो त्याचा राग येतो. नुसत्या उदासीने माणूस अंथरुणात पडून राहतो. रागाने तो उठतो.

मग दहावीचं, नीटचं टेन्शन धोक्याचं नाही?

धोक्याचं आहे, पण त्याचा धोका बहुतेक वेळा वेगळ्या दिशेला असतो. २००१ मध्ये अॅग्न्यूने कुठला ताण गुन्ह्याकडे नेतो आणि कुठला सहसा नेत नाही, याची छाननी केली. मुलाला अन्यायाचा वाटणारा, मोठा, ज्यावर घर-शाळेचा काही ताबा उरलेला नाही, आणि ज्यातून सुटायला गुन्हा हाच सोपा मार्ग दिसतो, असा ताण पोराला तिकडे ढकलतो. गंगापूर रोडच्या क्लासमध्ये रात्री नऊपर्यंत बसणाऱ्या मुलाचा ताण खरा असतो, पण त्याच्यावर दहा जणांची नजर असते. त्याचा ताण बहुधा आत वळतो: झोप जाते, जेवण जातं, जगणं नकोसं वाटतं. तिथे १४४१६ हा टेली-मानसचा नंबर लावा. चोवीस तास मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. या पानावरचे प्रश्न मुख्यतः ज्याचा ताण बाहेर फुटतो त्या पोराचे आहेत.

सतत मार खाल्ल्याने मुलाच्या डोक्यात काय बदलतं?

शरीर कायम सावध राहायला लागतं. दार वाजलं की छाती धडधडते, कुणी मागून खांद्यावर हात ठेवला की हात आपोआप वर जातो. त्यात किशोरवयात मेंदूचा आवर घालणारा पुढचा भाग अजून पक्का व्हायचा असतो. तो पंचविशीच्या आसपास पुरता तयार होतो. म्हणजे भोंगा जोरात आणि ब्रेक कच्चा.

पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती नजर. केनेथ डॉज आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास मांडला. घरी मार खाल्लेल्या लहान मुलांना समोरच्याच्या साध्या वागण्यातही हल्ला दिसतो, आणि अशी मुलं पुढे जास्त आक्रमक वागतात, असं त्यात आढळलं. निमाणीच्या स्टॉपवर सिटीलिंकच्या बसमध्ये चढताना कुणाची बॅग लागली. एका पोराला ती गर्दी वाटते. दुसऱ्याला वाटतं, मुद्दाम मारली. तो वळून बघतो, समोरचाही बघतो, आणि "खुन्नस का देतो बे?" इथपासून पुढचं सगळं सुरू होतं. पेपरात आपण "किरकोळ कारणावरून वार" असं वाचतो. आपल्याला कारण किरकोळ दिसतं. त्या पोराच्या हिशेबात आधीची कित्येक वर्षं जमा असतात.

आम्हीही लहानपणी मार खाल्ला. आम्ही कुठे गुन्हेगार झालो?

बरोबर आहे, बहुतेक जण होत नाहीत. कॅथी स्पॅट्झ विडम यांनी १९८९ मध्ये अमेरिकेतल्या ९०८ छळ झालेल्या किंवा हेळसांड झालेल्या मुलांची तुलना तशाच घरांतल्या पण छळ न झालेल्या ६६७ मुलांशी केली. पहिल्या गटात लहान वयात पोलिसांच्या नोंदीत आलेली मुलं २६ टक्के होती, दुसऱ्यात १७ टक्के. या आकड्यांकडे दोन्ही बाजूंनी बघावं लागतं. धोका स्पष्ट वाढतो. आणि छळ होऊनही चारातली जवळपास तीन मुलं त्या वाटेला गेली नाहीत.

का गेली नाहीत? हवाईच्या कौआई बेटावर एमी वर्नर यांनी १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा कित्येक दशकं मागोवा घेतला. गरिबी, भांडणं, आजारपण असलेल्या घरांतली साधारण एक तृतीयांश मुलं तरीही नीट उभी राहिली, आणि त्यांच्या आयुष्यात बहुधा कुणीतरी एक भरवशाचं मोठं माणूस होतं. आजी, मावशी, शिक्षक, कुणीही. तुम्ही मार खाऊन सरळ राहिलात तर ते मारामुळे झालं असं सांगण्याआधी, तेव्हा जवळ कोण होतं ते आठवून बघा.

पोरं भाईच्या मागे का जातात? घरी काय कमी असतं?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांत वर्षानुवर्षं दिसतं की पकडली गेलेली बहुसंख्य मुलं आईवडिलांबरोबरच राहणारी असतात, आणि सर्वाधिक १६ ते १८ या वयातली असतात. तेव्हा "अनाथ, रस्त्यावरची पोरं हे करतात" हे डोक्यातून काढा. आणि घरी कमी असतं ते बऱ्याचदा पैशाचं नसतं. दाद मिळत नाही.

आठवीतला एक मुलगा माझ्याकडे आला तो कंपासपेटीत कटर सापडला म्हणून. कर्कटकाच्या खाली, रुमालात गुंडाळलेला. बरेच महिने दोन मोठी पोरं त्याचे रिक्षाचे पैसे काढून घेत होती आणि तो चालत घरी जात होता. वर्गशिक्षकांना सांगितलं, ते म्हणाले, "लक्ष देऊ नकोस." वडिलांना सांगितलं, ते म्हणाले, "तू पण दोन लाव ना, बांगड्या भरल्यात का?" मग गल्लीतल्या एका बुलेटवाल्या दादाला कळलं. त्याने एका संध्याकाळी त्या दोघांना बोलावून घेतलं आणि पैसे परत द्यायला लावले. काम झालं. त्यानंतर हा मुलगा त्या दादाचा माणूस झाला. आधी नुसतं गाडीवर मागे बसणं, मग वाढदिवसाला तलवारीने केक कापतानाचं रील काढणं, मग "ही पुडी तिकडे देऊन ये".

त्या दादाने गुन्हेगारी शिकवली हे खरं. पण त्याने आधी जे केलं ते शाळेने आणि घराने करायचं काम होतं, आणि ते त्याने आपल्या सगळ्यांपेक्षा लवकर केलं. माझ्या मते नाशिकमध्ये या विषयावर बोलताना आपण रील आणि कोयत्यावरच फार बोलतो, आणि कोयता हातात येण्याआधीच्या त्या तक्रारीवर फार कमी.

कायदा इथे काही सांगतो. मुलांना बेकायदा कामाला लावणाऱ्या प्रौढाला बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ८३ नुसार सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपये दंड होऊ शकतो. मुलाची चौकशी चालू असते तेव्हा त्या प्रौढावर हे कलम लावायला आठवणीने सांगा.

नशेचा यात किती भाग?

मोठा. छळातून आलेली भीती आणि लाज गप्प करायला पोरं पंक्चरचं सोल्यूशन ओढतात, गांजा, एमडी (मेफेड्रोन) हेही घेतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावात एमडीचा कारखानाच सापडला आणि मुंबईच्या साकीनाका पोलिसांनी तो उद्ध्वस्त केला, तेव्हा "आमच्याकडे नाही हो असलं" म्हणणारे गप्प झाले. आधी ताण दाबायला नशा, मग नशेला पैसे, मग पैशासाठी मोबाइल हिसकावणं, असा क्रम असतो. डॉक्टरांची मदत घ्या. शिव्या घालून नशा सुटलेली मी पाहिलेली नाही.

पोलिस स्टेशनला नेऊन जरा दम दिला तर सुधारेल ना?

हा प्रश्न प्रत्येक सभेत येतो, बहुधा वडिलांकडून. उत्तर: नाही. अमेरिकेत पोरांना तुरुंग दाखवून, कैद्यांकडून दरडावून घेऊन घाबरवण्याचे कार्यक्रम मोठ्या हौसेने चालले. त्यांच्या निकालांची नीट तपासणी झाली तेव्हा अशा कार्यक्रमांना गेलेल्या मुलांकडून गुन्हे कमी न होता वाढलेच, असं दिसलं. जो पोरगा आधीच मार खाऊन भीती गिळायला शिकलाय, त्याला आणखी एक दरडावणारा माणूस दाखवून काय नवीन कळणार? उलट परत येताना टोळक्यात त्याचा भाव वाढतो.

२०२५ मध्ये पोलिसांनी पकडलेल्यांकडून व्हिडिओत वदवून घेतलेलं "नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला" हे वाक्य शहरभर गाजलं, लोकांना बरंही वाटलं. सराईत प्रौढांबाबत पोलिसांनी काय करावं हा वेगळा विषय. अठरा वर्षांखालच्या मुलाचं नाव, चेहरा, शाळा, पत्ता जाहीर करायला मात्र बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ ची मनाई आहे. गल्लीतल्या पोराचा असा व्हिडिओ ग्रुपवर आला तर पुढे पाठवू नका.

शाळेने कळवलं की आमचा मुलगा दुसऱ्यांना त्रास देतो. पहिलं काय करायचं?

त्या रात्री मारू नका. पुढे एवढंच की "का केलंस?" हा प्रश्न निरुपयोगी आहे, उत्तर "माहीत नाही" येतं आणि ते खोटं नसतं. "तुला कुणी त्रास देतं का?" यालाही पोरं सहसा "नाही" म्हणतात, कारण चौदा वर्षांच्या मुलाला मार खाल्ल्याचं कबूल करण्यापेक्षा मारल्याचं कबूल करणं सोपं जातं. मी विचारते, "कुठल्या रस्त्याने जायला तुला आवडत नाही?" त्रिमूर्ती चौकातून सरळ घरी पोचणारा मुलगा मागच्या गल्ल्यांतून फिरून येत असेल तर त्याला कारण असतं. डबा न खाता परत येतो का, लघवीला शाळेत जात नाही का, मोबाइल अचानक लपवतो का, रविवारी रात्रीपासून पोट दुखतं का, हेही बघा.

आणि दोन गोष्टी एकाच वेळी धरायला शिका. त्याच्यावर अन्याय झाला असेल तर त्याची तड लावायची. त्याने ज्याला मारलं त्याची माफी, भरपाई, तेही त्याच्याकडूनच करून घ्यायचं. पहिलीचा दाखला देऊन दुसरी माफ केली तर आपण त्याला भाईचंच गणित शिकवतो.

नवरा पितो आणि मारतो. आता मुलगा बापावर हात उचलायला लागलाय. मी काय करू?

असा मुलगा बहुतेक वेळा आईच्या आणि माराच्या मधे उभा राहिलेला असतो. त्याला "बापावर हात उचलतोस?" एवढंच ऐकवलं तर त्याला कळतं की बापाचा हात कुणाला दिसतच नाही. घरातली मारहाण थांबवणं हाच मुलाचा उपचार आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ नुसार तुम्ही संरक्षण अधिकाऱ्याकडे अर्ज करू शकता, घरातून बाहेर न काढण्याचा आदेश मागू शकता. महिलांसाठी १८१, मुलासाठी १०९८, तातडीने पोलिस हवे असतील तर ११२. "मुलांसाठी सहन करते" असं म्हणणाऱ्या आयांना मी नेहमी सांगते की मुलं रोज ते बघत असतात, आणि बघणं हाही मारच आहे.

मुलींचं काय?

छळाला बळी पडण्यात मुली मागे नाहीत, पण त्यांचा ताण वेगळ्या रूपात दिसतो: हातावर ब्लेडच्या खुणा, अबोला, घरातून पळून जाणं. पळून गेलेल्या मुलीला परत आणल्यावर पहिला प्रश्न "कुणाबरोबर गेली?" असा असतो, "कशापासून गेली?" हे विचारलं की कधी कधी घरातल्याच माणसाचं नाव निघतं. लैंगिक अत्याचाराची शंका आली तर पोक्सो कायदा, २०१२ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे आणि लपवणं गुन्हा आहे. हा कायदा मुलग्यांनाही लागू आहे. मुलग्यांवरचे अत्याचार आपल्याकडे चेष्टेवारी जातात, आणि त्यातले काही जण तो राग वर्षानुवर्षं पोटात घेऊन फिरतात.

मी शिक्षक आहे. साठ पोरांच्या वर्गात एकेकाचं काय बघणार?

एकेकाचं बघता येणार नाही, मान्य. पण तक्रार आली की त्या आठवड्यात काहीतरी घडलं पाहिजे, एवढं जमतं. राज्यातल्या शाळांत तक्रारपेटी आणि मुलांच्या सुरक्षेसाठीची सखी सावित्री समिती असायला हवी. पेटी मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर लावू नका, तिथे चिठ्ठी टाकताना सगळी शाळा बघते. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार मारणं आणि मानसिक छळ दोन्हीला मनाई आहे. "तुझ्या बापासारखाच निघणार तू" हे वाक्य छडीपेक्षा जास्त दिवस टिकतं. आणि पोराला शाळेतून काढून टाकून प्रश्न सुटत नाही. दुपारी त्याची वाट बघणारे दुसरे लोक असतात.

पोलिसांनी मुलाला नेलं. आता?

घाबरून सेटलमेंटवाल्यांच्या मागे धावू नका. अठरा वर्षांखालचा मुलगा कायद्याच्या भाषेत विधिसंघर्षग्रस्त बालक असतो. त्याला कोठडीत ठेवता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत. बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याकडे त्याला द्यावं लागतं आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत बाल न्याय मंडळासमोर हजर करावं लागतं. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते असतात, त्यातली किमान एक स्त्री. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांनुसार गुन्हा अतिगंभीर नसेल आणि त्यात प्रौढ सामील नसतील तर प्राथमिकी (एफआयआर) न नोंदवता फक्त दैनंदिनीत नोंद होते. जामीन हा नियम आहे. सुटल्यावर मुलगा गुन्हेगारांच्या संगतीत जाईल किंवा त्याच्याच जिवाला धोका होईल असं मंडळाला वाटलं, तर त्याला निरीक्षणगृहात ठेवतात. नाशिकमध्ये ते उंटवाडीला आहे.

यात पालकांनी जिवापाड जपायची गोष्ट म्हणजे सामाजिक तपासणी अहवाल. त्यासाठी परिविक्षा (प्रोबेशन) अधिकारी घरी येतात, शाळेत विचारतात. शेजारी काय म्हणतील म्हणून "घरी सगळं व्यवस्थित आहे" असं सांगू नका. मुलाने मार खाल्ला असेल, कुणी त्याचे पैसे काढत असेल, कुणी त्याला वापरलं असेल, तर ते इथेच नोंदवायचं. शाळेला दिलेला अर्ज, दवाखान्याचा कागद, मोबाइलवरच्या धमक्या, सगळं दाखवा. मुलाला ज्यांनी छळलं त्यांच्याविरुद्ध वेगळी तक्रारही देता येते. तो स्वतः आरोपात आहे म्हणून त्याचा हक्क जात नाही.

सोळा वर्षं पूर्ण झाली की मोठ्यांसारखा खटला चालतो असं ऐकलं.

आपोआप नाही. किमान सात वर्षांची शिक्षा असलेल्या अतिगंभीर गुन्ह्यातच मंडळ प्राथमिक मूल्यमापन करतं: मुलाची मानसिक-शारीरिक क्षमता, परिणामांची समज, आणि कुठल्या परिस्थितीत ते घडलं. त्यानंतर प्रकरण बाल न्यायालयाकडे, म्हणजे मुलांची प्रकरणं चालवणाऱ्या सत्र न्यायालयाकडे, जाऊ शकतं. "कुठल्या परिस्थितीत" या शब्दांत छळाचा इतिहास बसतो, तो वकिलाने मांडायला हवा.

वकिलाची फी परवडत नाही. आणि हे सगळं मुलाच्या नोकरीच्या आड येईल का?

मुलांना मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. सीबीएसजवळच्या जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा १५१०० वर फोन करा. नोकरीचं म्हणाल तर बाल न्याय अधिनियमाच्या कलम २४ नुसार मंडळाने दोषी ठरवल्यामुळे मुलाला पुढे कुठलीही अपात्रता येत नाही आणि अपिलाची मुदत संपली की नोंदी नष्ट करायच्या असतात. सोळावर्षांवरील ज्या मुलांचा निकाल बाल न्यायालयात प्रौढांसारखा लागतो, त्यांना ही सवलत नाही. निकालाची प्रमाणित प्रत मागून घ्या आणि घरी ठेवा. चारित्र्य पडताळणीच्या वेळी कुणी हरकत काढली तर हाच कागद कामी येतो.